यंत्राचा ठेका आणि माणसाचा कंठ

संगीताचा इतिहास सांगावयाचा म्हटलें कीं त्याचा आरंभ एखाद्या दरबारांत, देवळांत किंवा गुरुगृहीं होईल अशी आपली अपेक्षा असते. आज जी हकीकत मी आपणांस सांगणार आहें तिचा आरंभ पत्र्याच्या एका कारखान्यांत झाला. साल १९६५, आणि स्थळ इंग्लंडांतील बर्मिंगहॅम शहर. सतरा वर्षांचा एक मुलगा त्या कारखान्यांत पत्रे सांधण्याचें काम करीत असे. गिटार वाजवून पोट भरावयाचें असें ठरवून त्यानें नोकरी सोडली होती, आणि तो त्याचा कामावरचा शेवटचा दिवस होता. पत्रा दाबण्याच्या यंत्रावरचें माणूस त्या दिवशीं आलें नव्हतें; म्हणून ह्या मुलाला तेथें उभें करण्यांत आलें. यंत्र खालीं आलें आणि त्याच्या उजव्या हाताच्या मध्यमेचें व अनामिकेचें टोंक घेऊन गेलें. मुलगा डावखुरा होता. अर्थात् गिटारीच्या तारा दाबावयाचीं बोटें नेमकीं हींच.

त्या मुलाचें नांव टोनी आयोमी. आतां तुला गिटार वाजवितां येणार नाहीं, असें त्याला सांगण्यांत आलें. कारखान्यांतील त्याच्या वरिष्ठानें मात्र त्याला जँगो राइनहार्ट ह्या वादकाची एक ध्वनिमुद्रिका आणून ऐकविली. राइनहार्टचीं दोन बोटें १९२८ सालीं आगींत भाजून निकामी झालीं होतीं, आणि तरीही तो त्या काळच्या श्रेष्ठ वादकांत गणला गेला. आयोमीनें हें ऐकलें आणि तो कामाला लागला. प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्यानें बोटांच्या टोंकांसाठीं टोपणें केलीं, त्यांवर चामडें चिकटविलें आणि हलक्या तारा चढविल्या. पुढें त्या तारा त्यानें सैलही केल्या. सैल तारेचा स्वर खालीं उतरतो, जड होतो, घोगरा होतो. १९६८ सालीं निघालेल्या त्याच्या ‘ब्लॅक सॅबथ’ ह्या वाद्यवृंदाची पहिली ध्वनिमुद्रिका १९७० सालीं प्रसिद्ध झाली, आणि आज ज्याला जगभर ‘हेवी मेटल’ म्हणतात त्या संगीताचा उगम बहुतेक जाणकार तेथेंच मानतात. धातूचें नांव मिरविणाऱ्या ह्या संगीताच्या मुळाशीं धातु कापणारें एक यंत्र आहे, आणि त्यानें कापलेलीं दोन बोटें आहेत.

माझा आजचा विषय मात्र आयोमी नाहीं. त्याच शहरांत, एका पिढीनंतर, दोघां तरुणांनीं ‘गॉडफ्लेश’ नांवाचा एक लहानसा वाद्यवृंद काढला. जें यंत्र आयोमीच्या अंगावर आलें होतें त्याच्याच एका भावंडाला ह्या दोघांनीं आपल्या शेजारीं बसवून घेतलें आणि त्याच्या ठेक्यावर गाणें म्हटलें. ह्या वाद्यवृंदाला चढउतार आले, तो एकदां मोडला आणि पुन्हां उभा राहिला. यंत्राच्या सहवासांत माणसाचें काय होतें, हा प्रश्न त्याच्या सगळ्या इतिहासांतून आपल्याला विचारला जातो. म्हणून ही हकीकत सांगण्याजोगी वाटते.

प्रथम त्या शहराविषयीं दोन शब्द. बर्मिंगहॅमला ‘हजार धंद्यांचें शहर’ म्हणत असत. मॅथ्यू बोल्टन आणि जेम्स वॅट ह्यांची भागीदारी इ. स. १७७५ मध्यें येथेंच झाली, आणि वाफेचें यंत्र येथून देशोदेशीं गेलें. बटणें, बंदुका, दागिने, टांकांचीं पोलादी निबें, आणि पुढें मोटारसायकली व मोटारी, असा माल ह्या शहरानें पिढ्यान् पिढ्या जगाला पुरविला. घण, ऐरण आणि भोंगा ह्यांच्या आवाजांतच येथील मुलें लहानाचीं मोठीं झालीं. परंतु १९७० नंतर हा आवाज हळूहळू ओसरूं लागला. स्मॉल हीथ येथील बीएसए कंपनीचा मोटारसायकलींचा प्रसिद्ध कारखाना बंद पडला, आणि १९८२ सालीं ब्रिटनमधील बेकारांची संख्या ३० लाखांच्या वर गेली. त्या बेकारीचा मोठा घाव बर्मिंगहॅमच्या आसपासच्या मुलुखावर पडला. ज्या भोंग्याला बाप शिव्या देत असे तो भोंगा मुलाला ऐकूंच येईनासा झाला. कारखान्याच्या भिंती उभ्या, धुराडें उभें, आणि आंत सामसूम, असें तें दृश्य होतें.

जस्टिन ब्रॉड्रिक हा १९६९ सालीं ह्या शहरांत जन्मला, आणि म्युनिसिपालिटीनें बांधलेल्या कामकरी लोकांच्या वसाहतींत त्याचें बालपण गेलें. तेरा-चौदा वर्षांचा असतांनाच तो घरच्या घरीं फितीवर चित्रविचित्र आवाज मुद्रित करूं लागला. त्या वयाच्या मुलाला हें कोठून सुचलें, हें समजण्यासाठीं थोडें मागें जावें लागेल.

गोंगाटाला संगीतांत स्थान द्यावें हा विचार तसा जुना आहे. लुइजी रुसोलो ह्या इटालियन चित्रकारानें १९१३ सालीं एक जाहीरनामा काढून असें म्हटलें कीं, यंत्रयुगांतील माणसाचे कान आतां जुन्या स्वरांवर संतुष्ट राहणार नाहींत. कारखाने, आगगाड्या आणि शहरें ह्यांचे ध्वनि संगीतांत आले पाहिजेत. त्यानें गोंगाट उत्पन्न करणारीं वाद्येंही बनविलीं. रुसोलोच्या लिहिण्यांत यंत्राविषयीं उत्साह होता, कारण त्याच्या डोळ्यांपुढें यंत्राचा उदयकाळ होता. त्रेसष्ट वर्षांनीं लंडनच्या ‘थ्रॉबिंग ग्रिसल’ ह्या मंडळींनीं १९७६ सालीं ‘इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स’ नांवाची संस्था काढली, आणि तिच्यावरून ‘इंडस्ट्रियल’ म्हणजे औद्योगिक संगीत हें नांव रूढ झालें. बर्लिनमध्यें १९८० सालीं निघालेल्या ‘आइनश्ट्युर्त्सेंडे नॉयबाउटेन’ ह्या मंडळीनें तर लोखंडाचे भंगार तुकडे आणि भोंकें पाडण्याचीं यंत्रें व्यासपीठावर आणलीं. रुसोलोचा उत्साह ह्यांच्यापाशीं नव्हता. यंत्रयुगाची उतरती कळा पाहणाऱ्यांचें हें संगीत होतें. ह्या औद्योगिक संगीताशीं आयोमीच्या जड गिटारीचा संयोग झाला, तेव्हां जें संगीत जन्माला आलें त्यास ‘इंडस्ट्रियल मेटल’ म्हणतात. अमेरिकेंत शिकागोच्या ‘मिनिस्ट्री’ ह्या वाद्यवृंदानें त्याच सुमारास हा मार्ग धरला. इंग्लंडांत तो मान गॉडफ्लेशकडे जातो.

ब्रॉड्रिकच्या कानीं हीं दोन्ही संगीतें बाळपणींच पडलीं होतीं. १९८५ सालीं बर्मिंगहॅमच्या रॅग मार्केटमध्यें, म्हणजे जुन्या बाजारांत, त्याची ‘नेपाम डेथ’ ह्या वाद्यवृंदांतील एका तरुणाशीं गांठ पडली. दोघांनीं एकमेकांच्या फितींची अदलाबदल केली आणि लवकरच ब्रॉड्रिक त्या वाद्यवृंदांत गिटार वाजवूं लागला. नेपाम डेथची ख्याति वेगाबद्दल होती. त्यांचें एक गाणें तर दीड सेकंदाहूनही कमी वेळांत संपतें, आणि जगांतील सर्वांत लहान गाणें म्हणून त्याची नोंद झालेली आहे. ‘स्कम’ ही त्यांची ध्वनिमुद्रिका १९८७ सालीं बाहेर पडली. तिच्या पहिल्या बाजूवर ब्रॉड्रिकची गिटार आहे. पण ती बाहेर पडण्यापूर्वींच तो तेथून निघून गेला होता. सोळा-सतरा वर्षांच्या ह्या मुलाला वेगाचा कंटाळा आला असावा. त्याच सुमारास तो ‘फॉल ऑफ बिकॉज’ आणि ‘हेड ऑफ डेव्हिड’ ह्या दोन वाद्यवृंदांत ड्रम वाजवीत असे. श्रोत्यांनीं ही गोष्ट विशेष लक्षांत ठेवावी. ब्रॉड्रिक हा ड्रमवादक होता. ठेका धरणें हें त्याचेंच काम होतें.

१९८८ सालीं ब्रॉड्रिक आणि फॉल ऑफ बिकॉजमधील त्याचा जुना सोबती ग्रीन ह्या दोघांनीं गॉडफ्लेशची स्थापना केली. ग्रीननें खर्जाची, म्हणजे बास गिटार घेतली. ब्रॉड्रिकनें ड्रमच्या काठ्या खालीं ठेवून गिटार आणि गायन पत्करलें. मग ठेका कोणी धरावयाचा? त्या रिकाम्या जागीं त्यांनीं एक तालयंत्र आणून ठेवलें. ड्रमवादकानें स्वतःची गादी आपण होऊन यंत्राला दिली, असा हा प्रकार होता. त्यांच्या कित्येक ध्वनिमुद्रिकांवर कलावंतांच्या यादींत दोघां माणसांच्या नांवांखालीं तिसऱ्या कलावंताप्रमाणें ‘यंत्र’ असा उल्लेख छापलेला आढळतो.

हें तालयंत्र दिसावयास अगदीं साधें असतें. जाडजूड पुस्तकाएवढी एक पेटी, तिच्यावर कांहीं कळा, आणि पोटांत निरनिराळ्या ड्रमांचे आवाज सांठविलेले. वादक कळा दाबून तालाचा आराखडा एकदां भरून ठेवतो. मग यंत्र तो आराखडा सांगाल तितके वेळां जसाच्या तसा वाजवितें. गॉडफ्लेशच्या आरंभीच्या काळांत अलेसिस कंपनीचें एचआर-१६ ह्या नांवाचें यंत्र त्यांच्यापाशीं होतें. त्या वेळीं अशीं यंत्रें नाचाच्या हलक्याफुलक्या संगीतांत सर्रास वापरीत, आणि जड गिटारवाले त्यांची टर उडवीत. ह्या दोघांनीं तीच पेटी घेतली, तिचा आवाज मोठ्या ध्वनिवर्धकांतून सोडला, लय निम्म्यानें उतरविली, आणि तिच्यांतून घणाचे घाव काढले.

आपल्या बैठकींतील तबलजी आठवा. गवयाचा दम कोठें भरून आला आहे, तान कोठें लांबते आहे, हें पाहून तो लय सांभाळून घेतो. समेवर दोघे एकमेकांकडे पाहतात आणि ऐकणाऱ्यालाही बरें वाटतें. ठेका हा तेथें सोबती असतो. यंत्राला गवयाचा दम दिसत नाहीं. गवई थकला, चुकला, रडकुंडीला आला, तरी पुढचा घाव ठरलेल्या क्षणीं पडावयाचाच. गॉडफ्लेशचें संगीत ह्या एका गोष्टीवर उभें आहे. खालीं यंत्र चाललें आहे, त्यावर ग्रीनची खर्जाची गिटार दगड भरडल्यासारखी घरघरते आहे, आणि ह्या दोहोंच्या मधें एक माणूस ओरडतो आहे. गाण्याचे शब्द मोजकेच. तेच ते पुन्हां पुन्हां येणारे. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो केवळ गोंगाट वाटतो, आणि त्यांत त्याचा दोष नाहीं. परंतु थोडा वेळ ऐकत राहिलें म्हणजे ध्यानांत येतें कीं, कान यंत्राकडे नाहींत. ते त्या माणसाकडे लागले आहेत. यंत्र जराही हलत नाहीं, म्हणूनच त्या कंठाचा कंप इतका स्पष्ट ऐकूं येतो. काळ्या फळ्यावर पांढरी रेघ उठून दिसावी तसा हा प्रकार आहे. वाद्यवृंदाचें नांवही ह्याच अर्थाचें आहे. ‘गॉड’ म्हणजे कल्पनेंत न मावणारें अफाट असें कांहीं, आणि ‘फ्लेश’ म्हणजे हें आपलें हाडामांसाचें शरीर; ह्या दोहोंचा तो जोडशब्द.

१९८८ सालींच त्यांची पहिली छोटी ध्वनिमुद्रिका निघाली. पुढील वर्षीं, १९८९ च्या नोव्हेंबरांत, नॉटिंगहॅमच्या ‘इअरेक’ ह्या संस्थेनें ‘स्ट्रीटक्लीनर’ ही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली. ब्रॉड्रिकचें वय तेव्हां अवघें वीस वर्षांचें होतें. तिच्यांतील पहिल्याच गाण्याचें नांव ‘लाइक रॅट्स’, म्हणजे ‘उंदरांप्रमाणें’. बंद कारखान्यांच्या शहरांत वाढलेल्या मुलानें आपल्या भोंवतालचीं माणसें कशीं पाहिलीं, हें ह्या नांवावरूनच उमजावें. गंमत अशी कीं, कारखान्यांतील घण थंडावल्यावर तेथील मुलांनीं तो घण संगीतांत पुन्हां वाजता केला. बापाला जो ठेका सक्तीचा होता तो मुलानें स्वखुशीनें निवडला. सक्ती आणि निवड ह्यांतला फरक लहान नाहीं. तरीही घण तो घणच. त्याच्याखालीं फार वेळ उभें राहिल्यास काय होतें हें पुढें दिसणार होतें.

स्ट्रीटक्लीनर ही ध्वनिमुद्रिका आज ह्या संगीतप्रकाराचा पायाच मानली जाते. १९९१ सालीं नेपाम डेथच्या जोडीनें गॉडफ्लेशनें अमेरिकेचा दौरा केला. १९९२ सालीं ‘प्युअर’ निघाली. तिच्यांत अमेरिकेंतील निग्रो तरुणांच्या हिप-हॉप संगीताचे तुटक, घुमणारे ठेके त्यांनीं आपल्या यंत्राकडून वाजवून घेतले. इतर मेटलवाले जेव्हां अधिकाधिक जलद वाजविण्याच्या मागें होते, तेव्हां हे दोघे न्यूयॉर्कच्या गल्ल्यांतील तालांचा अभ्यास करीत होते, ही गोष्ट त्यांच्या कानाची साक्ष देते. ‘फेथ नो मोर’ ह्या अमेरिकेंतील नांवाजलेल्या वाद्यवृंदाकडून ब्रॉड्रिकला बोलावणें आलें. पैसा आणि प्रसिद्धि दोन्ही समोर असतां त्यानें तें नाकारलें. १९९४ सालीं ‘सेल्फलेस’ ही ध्वनिमुद्रिका अमेरिकेंत कोलंबियासारख्या बड्या कंपनीच्या द्वारें बाहेर पडली. तिच्यांतील एका गाण्याचा चित्रपट आंद्रेस सेरानो ह्या प्रसिद्ध छायाचित्रकारानें तयार केला. आतां हे दोघे जगप्रसिद्ध होणार असें पुष्कळांना वाटलें. परंतु तसें झालें नाहीं. ह्या संगीताचा खप बेताचाच राहिला आणि बड्या कंपनीनें लवकरच हात काढून घेतला. ज्यांनीं ऐकलें त्यांच्यावर मात्र खोल परिणाम झाला. लॉस एंजेलिसच्या ‘फिअर फॅक्टरी’सारखे पुढें पुष्कळ खपलेले वाद्यवृंद गॉडफ्लेशचें ऋण मोकळेपणें मानतात, आणि बॉस्टनच्या ‘आयसिस’ ह्या वाद्यवृंदानें ‘स्ट्रीटक्लीनर’ हें गाणें स्वतः वाजवून मुद्रित केलें आहे.

येथून हकीकतीला वळण लागतें. १९९६ सालच्या ‘साँग्ज ऑफ लव्ह अँड हेट’ ह्या ध्वनिमुद्रिकेसाठीं गॉडफ्लेशनें प्रथमच यंत्राच्या जागीं जिवंत ड्रमवादक बसविला. ब्रायन मँटिया हा त्याचा मोठा गुणी वादक. ध्वनिमुद्रिकेच्या मुखपृष्ठावर एक दफनभूमि आहे, तिच्यांत क्रूस आहे, आणि पाठीमागें कारखान्याचीं धुराडीं उभीं आहेत. मँटियानंतर टेड पार्सन्स हा दुसरा नामांकित वादक आला. मधल्या काळांत, १९९९ सालीं, ‘अस अँड देम’ निघाली. तिच्यांत यंत्र परत आलें होतें, पण नव्या जलद नृत्यतालांच्या मागें धांवतांना वाद्यवृंदाची वाट चुकली होती. ब्रॉड्रिकनें पुढें स्वतःच ह्या ध्वनिमुद्रिकेविषयीं असमाधान व्यक्त केलें आहे. २००१ सालीं निघालेल्या ‘हिम्स’ ह्या ध्वनिमुद्रिकेंत पुन्हां पार्सन्सचे ड्रम आहेत.

सकृद्दर्शनीं असें वाटेल कीं, यंत्र जाऊन माणूस आला, म्हणजे संगीतांत माणुसकी वाढली असेल. प्रत्यक्षांत उलट झालें. पार्सन्स आणि मँटिया दोघेही उत्तम वाजवितात. पण यंत्र गेल्याबरोबर गॉडफ्लेश इतर चांगल्या वाद्यवृंदांसारखा एक वाद्यवृंद झाला. जिवंत वादक गायकाला सांभाळून घेतो, धीर देतो. निष्ठुर ठेक्यापुढें एकटा उभा असलेला तो कंठ आतां सोबतींत आला, आणि त्याची आर्तता कमी झाली. यंत्राची निवड ही पैशाची किंवा सोयीची बाब नसून त्या संगीताचा अर्थच तिच्यांत होता, हें यंत्र काढून घेतल्यावर कळलें. ब्रॉड्रिकनेंही पुढें हें मान्य केलें.

हिम्स बाहेर पडली त्याच वर्षीं ग्रीननें वाद्यवृंद सोडला. तेरा वर्षांचा सोबती गेला. त्याच्या जागीं पॉल रेव्हन हा अनुभवी वादक आला आणि अमेरिकेच्या दौऱ्याची तयारी झाली. २००२ च्या एप्रिलांत, ऐन प्रस्थानाच्या वेळीं, ब्रॉड्रिकचें मन कोसळलें. वर्षानुवर्षांचे दौरे, ताण आणि सोबत्याचा वियोग ह्यांचा भार त्याला सोसेना, आणि तो घराबाहेर पडूंच शकला नाहीं. दौरा रद्द झाला आणि गॉडफ्लेश संपला. ही गोष्ट त्यानें स्वतः अनेकदां उघडपणें सांगितली आहे, म्हणून मीं ती येथें सांगितली.

श्रोतेहो, ह्या प्रसंगाकडे आपण कसें पाहावें? धंद्याच्या दृष्टीनें हें अपयश होय. लोकांचे पैसे बुडाले, वचनें मोडलीं. परंतु ज्या माणसानें चौदा वर्षें यंत्राच्या शेजारीं उभें राहून माणसाच्या दुर्बळपणाचें गाणें म्हटलें, त्याच्यावर एके दिवशीं तेंच गाणें खरें होण्याची पाळी आली. यंत्राची कळ दुसऱ्या कोणी दाबली तरच तें थांबतें. माणसाला आंतून थांबतां येतें, आणि पुष्कळदां तें थांबणें हाच त्याचा शहाणपणा असतो. कारखान्यांच्या युगानें माणसाला शिकविलें कीं, थांबणें म्हणजे हरणें. ब्रॉड्रिकच्या पुढल्या आयुष्यानें ह्या शिकवणुकीला उत्तर दिलें आहे.

हिम्सवरील शेवटच्या गाण्याचें नांव होतें ‘जेसू’. तेंच नांव घेऊन त्यानें दुसरा वाद्यवृंद काढला, आणि २००४ सालीं त्याचें पहिलें संगीत प्रसिद्ध झालें. तेंही संथ आणि जडच होतें. पण त्यांत ओरडण्याऐवजीं हळुवार गाणें होतें, आणि गिटारींच्या स्वरांतून पहाटेच्या धुक्यासारखा प्रकाश झिरपत होता. आजारांतून उठलेल्या माणसानें प्रथमच अंगणांत येऊन बसावें, तसें तें संगीत वाटतें. पॉल रेव्हन २००७ सालीं जिनीव्हा येथें मरण पावला. त्याच्यासह दौरा व्हावयाचा राहिला तो राहिलाच.

आठ वर्षें अशीं गेलीं. मग २०१० च्या जून महिन्यांत फ्रान्समधील ‘हेलफेस्ट’ ह्या मोठ्या संगीतोत्सवांत गॉडफ्लेश पुन्हां उभा राहिला. व्यासपीठावर ब्रॉड्रिक होता, ग्रीन होता, आणि ड्रमवादक कोणी नव्हता. यंत्र आपल्या जागीं परत आलें होतें. त्याच वर्षीं बर्मिंगहॅमच्या ‘सुपरसॉनिक’ उत्सवांत ते आपल्या गांवच्या लोकांपुढें वाजले, आणि २०११ सालीं हॉलंडमधील टिलबर्ग येथें त्यांनीं ‘स्ट्रीटक्लीनर’ ही ध्वनिमुद्रिका आरंभापासून शेवटपर्यंत वाजविली. विशीच्या मुलांनीं रचलेलें तें संगीत आतां चाळिशी ओलांडलेल्या पुरुषांच्या हातांतून येत होतें. ठेका तंतोतंत तोच होता, कारण यंत्राला वय नसतें. कंठ मात्र बावीस वर्षांनीं जुना झाला होता. ऐकणाऱ्यांना ह्या दोहोंतील अंतर आतां पूर्वींपेक्षांही स्पष्ट ऐकूं आलें असेल.

पुनरागमन करणारे बहुतेक कलावंत जुन्या पुण्याईवर दिवस काढतात. ह्यांनीं तसें केलें नाहीं. २०१४ सालीं ‘ए वर्ल्ड लिट ओन्ली बाय फायर’ ही नवी ध्वनिमुद्रिका ब्रॉड्रिकच्या स्वतःच्या ‘ॲव्हलांच’ ह्या संस्थेनें काढली. तिचें नांव विल्यम मँचेस्टरच्या युरोपीय मध्ययुगावरील ग्रंथावरून घेतलें आहे. २०१७ सालीं ‘पोस्ट सेल्फ’ आणि २०२३ सालीं ‘पर्ज’ निघाली. ‘पर्ज’ म्हणजे आंतील मळ बाहेर टाकणें. आपल्या मनाचा त्रास ह्या संगीतावाटे बाहेर पडतो आणि त्यामुळेंच आपण चालते-बोलते राहतों, अशा आशयाचें ब्रॉड्रिक सांगत आला आहे. तेव्हां हें संगीत निर्दय आहे असें म्हणणाऱ्यांनीं हेंही ध्यानांत घ्यावें कीं, तें करणाऱ्याला तें औषधाच्या ठिकाणीं आहे. औषध कडू असतें. ज्याला रोग नाहीं त्यानें तें घेण्याचा आग्रह कोणी धरीत नाहीं.

एक आक्षेप उरतो. ज्या यंत्रानें माणसाला भरडलें त्याचाच आवाज पुन्हां घुमवावयाचा, हा वेडेपणा नाहीं काय? मला वाटतें, ह्याचें उत्तर आयोमीच्या बोटांपाशीं आहे. तुटलेलें बोट लपवून त्याला पूर्वींचें संगीत करतां आलें नसतें. त्यानें त्या तुटलेपणालाच धरून तारा सैल केल्या, आणि त्यांतून पूर्वीं नसलेला स्वर निघाला. ब्रॉड्रिक आणि ग्रीन ह्यांनीं आपल्या शहराच्या तुटलेपणाचें तेंच केलें. बंद कारखान्याकडे त्यांनीं पाठ फिरविली नाहीं. त्याचा ठेका उचलला आणि त्यावर माणसाचा कंठ ठेवला. पुढें तो कंठ बसला, आठ वर्षें गप्प राहिला, आणि आपल्या वेळेला पुन्हां उघडला.

२०२५ सालीं जुलैच्या ५ तारखेस बर्मिंगहॅममधील व्हिला पार्कच्या क्रीडांगणावर ब्लॅक सॅबथचा अखेरचा जलसा झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांनीं, २२ जुलै रोजीं, त्यांचा गायक ऑझी ऑझबोर्न निवर्तला. त्या जलशांत टोनी आयोमी वाजवीत होता. कारखान्यांतील अपघाताला तेव्हां साठ वर्षें झालीं होतीं, आणि त्याच्या दोन बोटांवर तशींच टोपणें होतीं. तें वाद्य अजून वाजतें आहे.